ती एक ओळ कोणी लिहिली?

१६ नोव्हेंबर २०२० हा दिवस आठवतोय? लॉकडाऊनमध्ये आठ महिने बंद असलेल्या मशिदी, मंदिरं, चर्च महाराष्ट्रात त्या दिवशी पाडव्याला पुन्हा उघडली. आपण मास्क लावून, घरून वजू करून, जानमाज काखेत घेऊन निघालो होतो. नेमकी त्याच दिवशी अमेरिकेत ‘मदरबोर्ड’ने बातमी छापली की ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा सांगणारं ॲप वापरणाऱ्यांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीला पुरवतं. ती कंपनी ते लोकेशन कंत्राटदारांना विकते, आणि त्या कंत्राटदारांचं गिऱ्हाईक आहे अमेरिकी लष्कर. तोपर्यंत ते ॲप जगभरात ९ कोटी ८० लाख वेळा डाउनलोड झालं होतं.

मग आपल्याकडे काय झालं? कौसापासून कल्याणपर्यंत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज फिरला: ताबडतोब डिलीट करा, दहा जणांना पाठवा. आपण डिलीट केलं, अमेरिकेला शिव्या घातल्या आणि मगरिबच्या आत दुसरं ॲप टाकलं. त्या दुसऱ्यात काय भरलंय, हे कोणी उघडून पाहिलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘सलात फर्स्ट’ची बातमी आली. तेही नमाजचंच ॲप, त्याचं लोकेशन प्रेडिसिओ या फ्रेंच कंपनीकडे जात होतं. एप्रिल २०२२ मध्ये ‘अल मोआज़िन लाइट’, अजान आणि किब्ला दाखवणारं, एक कोटीहून जास्त डाउनलोड. त्यात फोन नंबर आणि घरच्या वायफायच्या राउटरची ओळख उचलणारा कोड निघाला. सर्ज एगेलमन आणि जोएल रीअर्डन या संशोधकांनी तो शोधला. तो पुरवणारी कंपनी पनामात नोंदलेली, आणि तिचे धागे व्हर्जिनियातल्या एका संरक्षण कंत्राटदारापर्यंत जातात असं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दाखवलं. कंपनीने अर्थातच इन्कार केला.

दीड वर्षात तीन ॲप, तिन्ही नमाजची. या प्रत्येक वेळी आपण एकच प्रश्न विचारला: विकत कोणी घेतलं? तो विचारायलाच हवा. पण मी रोज मोबाइल ॲप बनवून पोट भरतो, आणि मला दुसरा प्रश्न छळतो. ती एक ओळ कोणी लिहिली?

एक ओळ म्हणजे अक्षरशः एक ओळ. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲपच्या प्रोजेक्टमध्ये एक फाइल असते, तिच्यात बाहेरून काय काय आणायचं त्याची यादी असते. लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती त्या यादीत लिहायची, एक बटण दाबायचं, की कोणीतरी कुठेतरी लिहिलेला हजारो ओळींचा कोड तुमच्या ॲपमध्ये येऊन बसतो. चहा उकळायच्या आत काम होतं. ती लायब्ररी स्वतःसोबत आणखी चार लायब्रऱ्या घेऊन येते, त्या चार आणखी काही. वऱ्हाडासारखंच असतं हे, आमंत्रण एकाला आणि पंगतीला पन्नास.

आता कळीची गोष्ट. अँड्रॉइडच्या लेखी तुमचा कोड आणि पाहुणा कोड वेगळा नसतो. नमाजच्या वेळेसाठी तुम्ही लोकेशनची परवानगी मागितली आणि वापरणाऱ्याने ती दिली, की ती घरातल्या सगळ्यांना मिळाली. त्याने विश्वास टाकला तुमच्यावर, किल्ली पोचली पाहुण्याच्या हातात. इतकंच नाही, लायब्ररी स्वतःच्या परवानग्या स्वतः घेऊन येते आणि ॲप बांधताना त्या तुमच्या परवानग्यांच्या यादीत आपोआप मिसळतात. शेवटची एकत्र झालेली यादी अँड्रॉइड स्टुडिओमध्ये एका क्लिकवर दिसते. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यातल्या बहुतेकांनी तो टॅब आयुष्यात उघडलेला नाही. पहिली चार वर्षं मीही उघडला नव्हता.

म्हणून मी म्हणतो, ‘मुस्लिम प्रो’मध्ये ती ओळ लिहिणारा कोणी हेर असेल असं मला वाटत नाही. तो माझ्यासारखाच कोणीतरी असेल. शुक्रवारपर्यंत बिल्ड द्यायचंय, वरून सांगितलंय की हे टाका, यातून उत्पन्न येतं. कंपनी सिंगापूरची, मालकांनी लगेच जाहीर केलं की लष्कराला आम्ही थेट काही विकलेलं नाही, आणि डेटा घेणाऱ्या भागीदारांशी संबंध तोडले. थेट विकलं नाही हे खरंच असेल. लायब्ररीची खुबीच ती आहे की कोणालाच थेट काही करावं लागत नाही.

किंमत किती मिळते तेही सांगतो. एक्स-मोड स्वतःच्या वेबसाइटवर जाहिरात करायची: अमेरिकेत रोज वापरणारे ५०,००० लोक असतील तर महिन्याला १,५०० डॉलर. भागून बघा. माणशी तीन सेंट, तेव्हाच्या भावाने सव्वादोन रुपये. मुंब्रा स्टेशनबाहेर कटिंगसुद्धा येत नाही त्यात. आणि हा अमेरिकेतल्या माणसाचा भाव झाला, आपला त्याहून कमीच लागत असणार.

बरं, लोकेशन लागतं तरी कशाला? इथे माझा खरा राग आहे, म्हणून जरा हिशोब करू. पृथ्वी एक अंश रेखांश फिरायला चार मिनिटं घेते. ठाणे आणि कल्याण यांच्या रेखांशात फरक जेमतेम सहावा हिस्सा अंशाचा. म्हणजे ठाण्यात सूर्य मावळल्यापासून मागे मोजलं तर कल्याणात तो चाळीस सेकंदांच्या आत मावळलेला असतो. मशिदीच्या भिंतीवरचं वेळापत्रक छापताना यापेक्षा जास्त सेकंद सावधगिरी म्हणून वाढवतात. किब्ला इथून पश्चिमेच्या थोडा उत्तरेला, तोही ठाणे सोडून कल्याण गाठेपर्यंत डोळ्यांना दिसेल इतका हलत नाही. तर मग तुम्ही राबोडीत कुठल्या गल्लीत, कुठल्या इमारतीपाशी उभे आहात हे पाच-दहा मीटरपर्यंत कशाला हवं? ‘ठाणे’ एवढं नाव यादीतून निवडलं की काम संपलं. परवानगी लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. ‘अदान’ नावाची खुली लायब्ररी आहे, तिला अक्षांश, रेखांश आणि तारीख द्या, ती पाच वेळा काढून देते आणि गप्प बसते. कुठेही फोन करत नाही. कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. असरची वेळ शाफई पद्धतीने की हनफी, हेही तिच्यात निवडता येतं. न सांगितलं तर ती शाफई धरते, त्यामुळे आम्हा कोकण्यांची बसल्या जागी सोय आणि हनफी शेजाऱ्यांना एक ओळ जास्त. सावली वस्तूइतकी झाली की असर, की दुप्पट झाली की, या फरकाने वेळ जवळपास तासाभराने पुढे जाते. मला एक गंमत नेहमी वाटते. असरचा हा तास बरोबर आला की नाही यावर आपले लोक ॲपला एक स्टार देऊन मोठमोठे रिव्ह्यू लिहितात. ॲपने ताजं लोकेशन कुठे पाठवलं यावर एक ओळ नसते.

तेव्हा ‘बाहेरची लायब्ररी घालूच नका’ असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा आमच्या धंद्यात मूर्ख ठरेल, आणि योग्यच. एनक्रिप्शन स्वतः घरी लिहायला बसणं म्हणजे दाढ स्वतः पकडीने काढणं. प्रश्न लायब्ररी बाहेरची आहे की घरची हा नाहीच. ती काम करून गप्प बसते की बाहेर फोन लावते, आणि लावते तर कोणाला, हा आहे.

आता परदेश सोडून घरी येऊ. गेल्या रमजानच्या आधी कल्याणमधल्या एका ट्रस्टने मला त्यांचं ॲप ‘जरा बघून दे’ म्हणून दिलं. नाव सांगणार नाही, कारण असे ट्रस्ट डझनाने आहेत आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. ॲप चांगल्या हेतूने केलेलं. जमातीच्या वेळा, जनाजाची खबर, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि रमजानच्या रेशन किटचा अर्ज. हा अर्ज मुख्यतः विधवा बायका भरतात. नाव, पत्ता, मुलं किती, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो, आधारचा फोटो.

मी ॲपची फाइल उघडली, आत आलेल्या लायब्रऱ्यांची यादी काढली, फोन एका बाजूला ठेवून त्याच्यातून काय बाहेर जातं ते पाहिलं. जाहिरातीची लायब्ररी होती, तिने स्वतःची जाहिरात-ओळख वाचायची परवानगी आणली होती. ॲपमध्ये जाहिरात एकही नव्हती. लोकेशन चालू होतं, वेळा मात्र ट्रस्टी हाताने भरत होते. हे सगळं मी पूर्वीही पाहिलंय. पण एक लायब्ररी अशी होती जी स्क्रीनचं रेकॉर्डिंग करते. वापरणारा कुठे अडकतो, कुठलं बटण सापडत नाही हे कंपनीला कळावं म्हणून स्क्रीनवर जे दिसतं ते टिपून परदेशातल्या सर्व्हरवर पाठवते. बूट विकणाऱ्या ॲपमध्ये लोक ती वापरतात. तिच्यात ठराविक रकाने झाकायची सोय असते, ती इथे कोणी चालू केली नव्हती. म्हणजे एखादी बाई रात्री लेकराचा फोन घेऊन अर्ज भरायला बसली की तिचं नाव, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा दाखला, आधारचा फोटो, सगळं चित्रासारखं उचलून पाठवलं जात होतं. तीन महिने. ११२ अर्ज.

ॲप बनवणाऱ्या मुलाला मी फोन केला. मुंब्र्याचाच, चोवीस वर्षांचा, डिग्री नुकतीच झालेली, फ्रीलान्स करतो. लबाड अजिबात नाही. तो म्हणाला, “भाई, ते आधीच्या प्रोजेक्टच्या टेम्प्लेटमध्ये होतं. मी फक्त नाव आणि रंग बदलले.”

मी ट्रस्टींकडे गेलो. हाजीसाहेबांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, पण आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?”

हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकावं लागलंय की उत्तर तोंडपाठ आहे. मी त्यांना विचारलं, “रेशनची वही कुठे असते?” म्हणाले, कपाटात. किल्ली? माझ्याकडे. का? ते थांबले. का ते त्यांना माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. देणाऱ्या हाताची खबर दुसऱ्या हाताला लागू नये इतकं जपून द्यावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घेणाऱ्या बाईची इज्जत राहावी म्हणून किट रात्री घरपोच करणारी माणसं याच ट्रस्टमध्ये आहेत. कागदाची वही आपण कुलपात ठेवतो, आणि तीच वही फोनमध्ये गेली की तिचं आपल्याला काहीच वाटत नाही.

‘लपवण्यासारखं काय’ विचारणाऱ्या तरुण दोस्तांना थोडं वेगळं सांगायचंय. धर्माचा रकाना भरायची गरज नसते. दर शुक्रवारी दुपारी एक ते दोन ज्या ठिपक्यापाशी फोन थांबतो तो ठिपका पुरतो. २०१३ मध्ये पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर एक अभ्यास झाला, त्यात जागा आणि वेळ अशा फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के माणसं वेगळी काढता आली. नाव नसताना. मुंब्र्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, संध्याकाळी परत, शुक्रवारी मशीद: अशी रोजची रेघ काढणारे तुम्ही जगात एकटेच असता. आणि आपल्यासाठी पत्ता ही साधी गोष्ट कधी नव्हती. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून निघालेली कुटुंबं मुंब्र्यात का येऊन राहिली, ते घरी विचारा. पिनकोड ऐकल्यावर कर्जाचा अर्ज कसा रेंगाळतो, घरमालकाचा आवाज कसा बदलतो, हे अनुभवलेले लोक आपल्या प्रत्येक घरात आहेत. ज्यांना पत्त्याची किंमत इतकी मोजावी लागली, त्यांनीच तो सव्वादोन रुपयांना द्यावा?

कायदा वाचवेल अशा भरवशावर बसू नका. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला त्यात धार्मिक श्रद्धा ही ‘संवेदनशील’ माहितीत धरली होती. २०२३ मध्ये जो कायदा प्रत्यक्षात झाला त्यातून हा वेगळा वर्गच गायब आहे. तुमचा मजहब आणि तुमच्या बुटाचा नंबर, कायद्याच्या लेखी एकाच टोपलीत. सरकारला स्वतःच्या यंत्रणा अधिसूचना काढून यातून वगळता येतात, तेही आहेच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोडला धार्मिक स्थळांसारख्या संवेदनशील जागांचं लोकेशन विकायला मनाई केली. बातमी फुटून तीन वर्षं उलटल्यावर.

पण याच भारतीय कायद्यात एक गोष्ट आपल्या ट्रस्टींनी नीट वाचावी अशी आहे. लोकांची माहिती जो गोळा करतो तो जबाबदार. ती पुढे दुसऱ्या कोणाकडून हाताळून घेतली, कराराचा कागद काहीही म्हणत असला, तरी जबाबदारी त्याचीच. दंडाची कमाल २५० कोटी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने दिलेत. म्हणजे ‘आम्हाला कॉम्प्युटरमधलं कळत नाही’ हे उत्तर हाजीसाहेबांना फार काळ पुरणार नाही. ‘क्लायंटने सांगितलं’ हे उत्तर आपल्यालाही पुरू नये.

आपल्याला म्हणजे आपण जे हा धंदा करतो त्यांना. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात आता दोन-चार पोरं ॲप बनवणारी आहेत. ही आपल्या पिढीची कमाई आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच बोलतोय. यूट्यूबवरच्या ट्युटोरियलमधून यादी उचलायची, एआयने सुचवलेलं नाव न बघता चिकटवायचं (कधी ते नाव अस्तित्वातच नसतं, आणि कोणीतरी टपून त्याच नावाचं पॅकेज टाकून ठेवतो), आणि जमातीचं काम आहे म्हणून पैसे कमी घेतले की तपासायची जबाबदारीही कमी झाली असं समजायचं. उलट आहे. बँकेच्या ॲपवर डोळे वटारून बसायला ऑडिटर असतो. जमातीच्या ॲपवर कोणी नसतं. तिथे फक्त तुम्ही असता. अमानत हा शब्द आपण भाषणात फार वापरतो. हीच ती.

आणि हे काही महाग नाही. लायब्रऱ्यांचं झाड काढणारी आज्ञा फुकट आहे. एक्झोडस प्रायव्हसी ही फ्रेंच संस्था कुठल्याही अँड्रॉइड ॲपमधले ट्रॅकर मोजून दाखवते, तीही फुकट; ॲप बनवता येत नसलं तरी ती पाहता येते. जनाजाची खबर पाठवायला नाव-नंबर लागत नाही, ‘जनाजा’ या विषयाची सूचना ज्याला हवी त्याने चालू करायची, बस. त्यासाठी गूगलची सेवा वापरावी लागते आणि फोनची एक ओळख तिच्याकडे जाते, हे मी लपवणार नाही. पण त्यासोबत येणारी विश्लेषणाची लायब्ररी घेतलीच पाहिजे असं नाही. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सुरक्षितता’ रकाना बघून निश्चिंत होऊ नका, तो ॲपवाल्याने स्वतःच भरलेला असतो. कल्याणच्या त्या ॲपच्या रकान्यात लिहिलं होतं: कोणतीही माहिती गोळा केली जात नाही.

ती स्क्रीन टिपणारी लायब्ररी काढायला त्या मुलाला दहा मिनिटं लागली. जाहिरातीची काढली, लोकेशन काढलं, ॲप निम्म्याने हलकं झालं. टिपून गेलेलं पुसून टाका म्हणून आम्ही त्या कंपनीला मेल लिहिला. यंत्राने उत्तर पाठवलं, तक्रार क्रमांकासह. त्यानंतर काही नाही.

राहिल्या त्या ११२ बायका. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ट्रस्टी म्हणतात, उगाच घाबरवायचं कशाला, त्यांना कळणार तरी काय. मी म्हणतो, आधारचा फोटो परक्याच्या हातात गेलाय हे कळायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, आणि आधारवरचं बायोमेट्रिक लॉक करायला मोहल्ल्यातली कॉलेजची पोरगी पाच मिनिटांत मदत करेल. पुढच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा मांडणार आहे. त्या मुलालाही येशील का विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझी खाला पण आहे त्या यादीत.”